लपून बसणारी इमामबी

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या अंगाला एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. गिरणीच्या मागं मोठा माळ, आणि माळाच्या टोकाला छप्पर उडालेलं गोदाम. थंडीच्या दिवसांत इमामबी शेळी घेऊन तिकडं जायची. शेळी बाभळीचा पाला ओरबाडायची आणि इमामबी गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसायची. बसता बसता डोळे मिटायचे. झोपही नाही आणि जागही नाही, अशा त्या मधल्या जागेत तिला फार बरं वाटायचं.

साठी केव्हाच मागं पडली होती. सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवण्यात गेला. मग नजर मंदावली, शिलाई वाकडी जायला लागली, तसं कुणी म्हणायच्या आत तिनंच काम सोडलं. नवरा पीरसाब ट्रकवर ड्रायव्हर होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा खालिद पंक्चर काढायचा आणि सून मेहनाज घर बघायची. दोघंही जिवाला जपणारी. घरात तिला काही कमी नव्हतं, आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

एका रविवारी ती अशीच बसली होती. डोळ्यांसमोर पांढरं ऊन पसरलं होतं आणि त्यात दूरवर कारखान्याचे माग चालल्यासारखा आवाज येत होता. मग तो आवाज जवळ आला, गरम झाला, आणि कुणाचा तरी श्वास झाला. इमामबीनं डोळे उघडले. पुढ्यात एक तांबूस कुत्री बसली होती. एक कान उभा, एक दुमडलेला. इमामबीच्या तोंडाकडं बघत ती भुंकली, थांबली, परत भुंकली. अंगावर येणं नव्हतं त्यात. मिळालं, मिळालं, असं गावाला ओरडून सांगावं तसं ते भुंकणं होतं.

"क्या गे?" इमामबी म्हणाली. "मैं क्या करी?"

तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली. "खाला, घाबरू नका हं! चावत नाही ती. मैना, शाब्बास... अगं पण..." आणि ती कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

मुलगी अंकिता. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. तिच्या पाठोपाठ पलीकडच्या सिमेंटच्या मोठ्या नळातून जाळीजळमटं झटकत एक जाडजूड माणूस बाहेर आला. तो सयाजी, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान चालवणारा.

"मी तितं तासभर पाय दुमडून बसलोय," सयाजी म्हणाला, "आन् हिनं मला सोडून खालाला शोधलं की!"

मग अंकितानं सगळं समजावून सांगितलं. त्यांचं एक पथक होतं. आपापला नोकरीधंदा सांभाळून रविवारी जमणारी माणसं आणि त्यांनीच वाढवलेली दोन-तीन कुत्री. कुणी हरवलं, भिंत पडली, पुरात कुणी अडकलं आणि बोलावणं आलं, की जायचं. पण कुत्र्याला शोधायला शिकवायचं तर आधी कुणीतरी हरवायला पाहिजे. दर रविवारी पथकातलाच एक जण लपायचा. मैना आता पथकातल्या सगळ्यांना ओळखायची. तिला परकं माणूस हवं होतं.

"म्हणजे आज चुकली ती?" इमामबीनं विचारलं.

"चुकली कशी?" अंकिता म्हणाली. "माणूस शोध म्हणून सोडलं, तिनं माणूस शोधलं. तुम्ही माणूसच की."

मैना अजून इमामबीकडं बघत शेपटी हलवत होती. काहीतरी येणं बाकी असल्यासारखी. अंकितानं पिशवीतून पिळलेल्या दोरीचं खेळणं काढून इमामबीच्या हातात दिलं. "सापडलेल्या माणसानंच द्यायचं असतं. एक टोक घट्ट धरा, तिला ओढू द्या." इमामबीनं धरलं. मैनेनं अशी ओढ घेतली की म्हातारी बसल्या जागी गोल फिरली, आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. आपलं हसू इतकं मोठं येतं हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"खाला, पुढच्या रविवारी लपाल का?" अंकितानं विचारलं.

घरी खालिद पोट धरून हसला. "अम्मी, इस उमर में छुपन-छुपाई?" मेहनाजला विंचूकाट्याची काळजी पडली. शेजारीण म्हणाली, कुत्र्याला शिवून नमाज कशी व्हायची? इमामबीनं त्यावर रात्रभर विचार केला आणि आपल्यापुरती सोय लावली. रविवारची साडी वेगळी. ती अंगणातल्या खिळ्यावर, घरात आणायची नाही. आल्यावर डोक्यावरून अंघोळ, मग धुतलेले कपडे, मग नमाज. "राखणीला कुत्रं पाळतात की नाही? हे तर माणसं राखणारं," एवढंच ती शेजारणीला म्हणाली, आणि विषय मिटला.

असं तिचं लपणं सुरू झालं.

कधी गिरणीच्या राडारोड्यात, कधी होटगीच्या अंगाला तुरीच्या रानात, कधी दगडाच्या जुन्या खाणीत. सयाजी तिला मोटारसायकलवरून नेऊन सोडायचा, जागा दाखवायचा, पाण्याची बाटली आणि शिट्टी द्यायचा. "काय वाटलं तर वाजवा." मग तो निघून जायचा आणि इमामबी एकटी उरायची.

पहिल्यांदा मन कोंबडीसारखं इकडंतिकडं पळायचं. गॅस बंद केला का, खालिद जेवला का. मग ते हळूहळू खाली बसायचं. तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळायच्या. एखादा नाकतोडा पायावर येऊन बसायचा आणि तिला दगड समजून तिथंच राहायचा. ढगाची सावली रानावरून सरकत यायची, तिच्या अंगावरून जायची आणि पुढच्या बांधावर चढायची. अंकितानं सांगितलं होतं की माणसाच्या अंगाचा वास वाऱ्याबरोबर निघतो, लांबवर पसरतो, आणि मैना नाक वर करून तो पकडते. इमामबी डोळे मिटून तो वास बघायचा प्रयत्न करायची. तिला तो मागावरच्या सुतासारखा दिसायचा. आपल्या मानेतून, तळहातातून, साडीच्या निऱ्यांतून बारीक धागा निघतोय, बांधावरून, बोरीच्या काट्यांतून लांबत चाललाय, आणि कुठंतरी दूर कुणीतरी त्याचं टोक हातात घेतलंय.

आयुष्यभर शोधायचं काम तिच्याकडंच असायचं. ट्रक वेळेवर आला नाही की पीरसाबला शोधायला स्टँडवर जायची ती. शाळा बुडवून तळ्यावर गेलेल्या खालिदला शोधायची ती. सुटलेली शेळी, पडलेली सुई, रेशनचं कार्ड, सगळं तीच शोधायची. आपण नुसतं बसायचं आणि कुणीतरी जिवाच्या आकांतानं आपल्याला शोधत यायचं, ही चव तिला उतारवयात कळली. खसफस जवळ यायची, पावलं थबकायची, वळायची, आणि मग पानांतून तो एक उभा आणि एक दुमडलेला कान. दर वेळी तिच्या छातीत लहान मुलीसारखं धडधडायचं.

तिनं पथकाला आणखी एक गोष्ट दिली. दोरीचं खेळणं मैनेच्या हिरड्यांना लागतं हे बघून तिनं कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडून काठ बिघडलेले टॉवेल आणले, पिळून, दुमडून, जाड दोऱ्यानं शिवून खेळणी केली. टाके वाकडे गेले तरी मैनेची तक्रार नव्हती.

फाल्गुनात एका पहाटे अंकिताचा फोन आला. मंद्रूपच्या अलीकडं एका वस्तीवरचे हिंदुराव नावाचे म्हातारे घरातून निघून गेले होते. त्यांना विसर पडायचा. "बैलं आणतो," म्हणून परवा दुपारी उठले. बैल विकून जमाना झाला होता. गावानं विहिरी बघितल्या, ओढा बघितला, पोलिसांना सांगितलं. शेवटी कुणीतरी सयाजीचा नंबर दिला.

"खाला, चलाल का? घरात नुसत्या बायका आहेत. कुणीतरी मोठं माणूस त्यांच्याजवळ बसायला हवं."

उजाडता उजाडता टेम्पो वस्तीवर पोचला. शाळू काढून झाला होता, कडब्याच्या पेंढ्या रानात उभ्या होत्या. हिंदुरावांची बायको मथुराबाई जोत्यावर बसली होती, दोन रात्रींच्या जागरणानं डोळे आत गेलेले. अंकितानं तिच्याकडं म्हाताऱ्याच्या अंगावरचं एखादं कापड मागितलं. मथुराबाईनं आतून बंडी आणली.

"धुतली न्हाय बघा," ती ओशाळून म्हणाली. "मळकीच हाय."

"मळकीच पाहिजे, आक्का," इमामबी म्हणाली. "धुतलेल्यात माणूस राहत नाही."

मैनेनं बंडी हुंगली आणि ती निघाली. अंकिता, सयाजी आणि हिंदुरावांचा पुतण्या निंगप्पा तिच्यामागं गेले. इमामबी जोत्यावर मथुराबाईजवळ बसली. उन्हं चढली. रानातून माणसांच्या हाका येत होत्या, विरत होत्या. एकदा मथुराबाई म्हणाली, "लगीन झालं तवा मी हे घर सोडून माहेराला पळाले होते. तवा हेच आले होते हुडकत. बांधाबांधानं." आणि परत रानाकडं बघायला लागली.

दुपारच्या आत निंगप्पा एकटाच परत आला. त्याची चाल बघूनच मथुराबाईनं पदर तोंडाला लावला.

ओढ्याच्या पलीकडं, पडीक रानात, एका बाभळीच्या बुडाला हिंदुराव टेकून बसलेले सापडले होते. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. झोपल्यासारखेच. पण जीव गेलेला होता.

पोलीस आले, माणसं जमली, रडं उठलं. त्या सगळ्यात मैनेकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती टेम्पोच्या चाकाजवळ पडून होती. अंकिता सांगत होती की बाभळीजवळ गेल्यावर ती भुंकलीच नाही. कान पाडून मागं सरली आणि जमिनीला पोट लावून बसली. आता पाणी पीत नव्हती. टॉवेलचं खेळणं नाकापुढं धरलं तर तोंड फिरवत होती.

"असं घरी नेऊन चालत न्हाय," सयाजी हळूच म्हणाला. "हिला आज जितं माणूस सापडाय पायजे. न्हायतर पुढच्या खेपेला ही शोधायचीच न्हाय."

"इथं? आत्ता?" अंकिताला ते पटेना. "त्यांच्या दारात दुःख आहे आणि आपण..."

"मी बसते," इमामबी म्हणाली. "गावापासून लांब बसते कुठंतरी."

तिघं जण मैनेला घेऊन मागच्या रानाकडं निघाले. वाटेत निंगप्पा आडवा आला. सयाजीच्या हातातलं खेळणं बघून त्याचा चेहरा लाल झाला.

"माझा चुलता तितं मरून पडलाय आन् तुमी हितं कुत्र्यासंगं खेळायलाय व्हय?"

सयाजीनं खेळणं पाठीमागं धरलं. इमामबीनंच सांगितलं. "बाबा, खेळ नाही हा. हिला वाटतंय की आपल्यामुळं तो माणूस उठला नाही. माणूस सापडला की तो हसतो, बोलतो, एवढंच हिला ठाऊक. आज पहिल्यांदा माणूस सापडला आणि काहीच बोलला नाही. हिला कसं समजावायचं? मी लपते, ही मला शोधेल, मी हिच्याशी बोलेन. मग ही जेवेल."

निंगप्पा कुत्रीकडं बघत राहिला. ती मान खाली घालून उभी होती. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"मग वरच्या रानात बसा," तो म्हणाला. "तितं आमची कडब्याची गंज हाय. मागनं पोकळ हाय. वारं बी तितनं ह्या अंगाला येतंय." आणि स्वतःच पुढं होऊन त्यानं इमामबीला वाट दाखवली. अंकिता मैनेला धरून मागंच थांबली.

गंजीच्या पोकळीत इमामबी अंग चोरून बसली. वाळल्या शाळूचा गोडसर वास, भोवती पिवळा उजेड. दूर वस्तीवरचं रडणं वाऱ्यानं कमीजास्त होत होतं. तिच्या डोळ्यांपुढं ती बाभळ आली. म्हाताऱ्यानं चपला काढून शेजारी ठेवल्या म्हणजे त्याला ते कुणाचं तरी घर वाटलं असेल. घरात बसावं तसा तो बसला असेल. समोर त्याला बैल दिसले असतील, पाठीवर ऊन घेत उभे. त्याच्या अंगातूनही धागा निघत राहिला असेल, संध्याकाळी, रात्री, परत सकाळी, ओढा ओलांडून थेट जोत्यापर्यंत. शेवटी टोक कुणीतरी धरलं, पण तोवर त्याच्याकडची गाठ सुटून गेली होती.

इमामबीला गुंगी आली. कडबा कुरकुरला. तिला वाटलं, पीरसाब ट्रक लावून आलाय आणि दाराची कडी हलवतोय. मग कळलं, पावलं आहेत. हळू, अडखळत येणारी. थांबली. बराच वेळ थांबली. इमामबीनं श्वास रोखला नाही, उलट सोडला, मोठा, सगळा. ये गे, ती मनात म्हणाली. मैं हूँ ना, ये.

पावलं पळायला लागली.

दुमडलेला कान पोकळीत शिरला आणि मैनेनं इमामबीच्या तोंडाकडं बघितलं. भुंकायच्या आधी क्षणभर नुसतंच बघितलं. इमामबी हसली, मोठ्यानं. "मिली ना? मिली मैं!" तेव्हा ती भुंकली, इतकी भुंकली की गंजीवरचे पारवे उठले. इमामबी टॉवेल धरून ओढत होती, हसत होती, आणि गालावरून पाणी वाहत होतं. बाहेर अंकिता जमिनीवरच बसून हुंदके देत होती. निंगप्पा लांब बांधावर उभा होता. मग त्यानंच बादलीतून पाणी आणलं, आणि मैना ते चटाचटा प्यायली.

पावसाळा गेला. ज्वारी पेरून झाली. एका रविवारच्या आधी सयाजीला निंगप्पाचा फोन आला. "काकू इचारतीया, ती कुत्री कशी हाय? एकदा सरावाला आमच्याकडंच या की."

पथक गेलं. मथुराबाईनं बाजरीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवली होती. ती आता थोडी वाकली होती, पण डोळे जागेवर आले होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती इमामबीजवळ आली.

"मला बी बसू द्या की तुमच्यासंगं. लपून."

डाळिंबाच्या बागेत, एका दाट झाडाच्या आड दोघी म्हाताऱ्या बसल्या. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते आणि वारा आला की ते दोघींच्या हातांवरून पळत होते. कुठंतरी एक भारद्वाज घुमत होता.

"बाई," मथुराबाई शेवटी कुजबुजली, "त्येनी त्या दिशी भ्याले असतील का वं? येकलेच हुते."

खोटं बोलायचं इमामबीच्या जिवावर आलं, आणि खरं तिला ठाऊक नव्हतं.

"त्यांचं मला काय सांगता येणार, आक्का? माझं सांगते. मी बसते तेव्हा आधी जीव घाबरतो. मग सगळं गप होतं. झाडं, वारा, सावली. वाटतं, आपण पण त्यातलंच एक. कुणी आलं तर बरं, नाही आलं तरी भांडण नाही."

मथुराबाईनं ते ऐकून घेतलं. मातीवर बोटानं रेघ ओढली, पुसली, परत ओढली. "त्येंच्या चपला नीट हुत्या," ती म्हणाली. "घरात कदी नीट काढल्या न्हाईत." आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसूच असावं.

"आता काय करायचं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"नुसतं?"

"हौ. नुसतं."

मथुराबाईनं झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली. जन्मात ती कधी नुसती बसली नसेल. थोड्या वेळानं तिची मान एका बाजूला कलली, आणि इमामबीला बारीक घोरणं ऐकू आलं. बागेच्या दुसऱ्या टोकाला अंकिताची हाक उठली, "शोध, मैना!" इमामबीनं मथुराबाईला उठवलं नाही. तिच्या अंगावर आलेलं ऊन अडवायला ती जरा पुढं सरकून बसली आणि पानांच्या सळसळीकडं कान लावून राहिली.